मदत हवी आहे: पिकासात बाबांनी दिलेली नावं नव्या लॅपटॉपवर दिसत नाहीत

नमस्कार मंडळी,

बाबांनी निवृत्तीनंतर घरातले सगळे जुने फोटो स्कॅन केले. आजीआजोबांच्या लग्नापासून माझ्या बारशापर्यंत, साधारण ३,८०० फोटो. पिकासा या गूगलच्या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून प्रत्येक चेहऱ्याला नाव दिलं आणि खाली देवनागरीत एक ओळ लिहिली, ‘वाईचा वाडा, धाकट्या काकाची मुंज’ अशी. बाबा आता नाहीत. त्यातले निम्मे चेहरे ओळखणारी फक्त आत्या उरली आहे आणि ती ८६ वर्षांची आहे.

बाबांचा संगणक (विंडोज ७) हल्ली मध्येच बंद पडतो. म्हणून सगळे फोल्डर हार्ड डिस्कवर घेऊन नव्या लॅपटॉपवर डिजीकॅम या फुकट मिळणाऱ्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये उघडले. फोटोखालच्या ओळी नीट दिसतात, पण चेहऱ्यांची नावं एकही नाही. शिवाय बाबांनी सरळ केलेले, कडा कापलेले फोटो पुन्हा वाकडेच दिसतात. माझं कॉपी करताना काही राहिलं का? नावं गेली असतील तर पुन्हा कोणाला विचारू, या विचाराने झोप लागत नाही. पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर नको, कारण भावंडांनाही तेच वापरता यायला हवं.

प्रतिसाद १

ताई, नावं गेलेली नाहीत. फक्त तो जुना संगणक फॉरमॅट करू नका आणि कोणाला देऊ नका.

पिकासा फोटोखालची ओळ फोटोच्या फाईलमध्येच लिहायचं, म्हणून ती तुमच्याबरोबर आली. चेहऱ्यांची नावं मात्र, वेगळं सांगितल्याशिवाय, फोटोत जात नसत. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘.पिकासा.आयएनआय’ नावाची लपवलेली फाईल असते. चेहऱ्याचा चौकोन आणि माणसाचा सांकेतिक क्रमांक तिच्यात, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी विंडोजच्या यूजर फोल्डरमध्ये. फोटो सरळ करणं, कापणं हेही ‘सेव्ह’ केलेलं नसेल तर त्याच फाईलमध्ये नुसतं नोंदलेलं असतं. डिजीकॅम ती फाईल वाचत नाही.

तेव्हा सगळ्यात आधी जुन्या डिस्कची पूर्ण प्रत काढा, यूजर फोल्डरसकट. मग जुन्याच संगणकावर पिकासा उघडा. आवृत्ती ३.९ असेल तर टूल्स मेनूत ‘एक्सपेरिमेंटल’ आहे, त्यात ‘राइट फेसेस टू एक्सएमपी’. ते चालवलं की नावं फोटोच्या आत जातात आणि डिजीकॅमला ती वाचता येतात. सरळ केलेल्या फोटोंसाठी फोल्डरच्या वरचं ‘सेव्ह’ दाबा; मूळ स्कॅन ‘.पिकासाओरिजिनल्स’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये राहतात, तेही जपा.

गूगलने २०१६ च्या मार्चमध्ये पिकासा बंद केलं, पण बसवलेलं चालतं. संगणक दम तोडायच्या आत हे काम उरकून घ्या, बाकी सगळं सावकाश झालं तरी चालेल.

प्रतिसाद २

वरच्याला जोड. डिजीकॅममध्ये सेटिंग्ज, मेटाडेटा (फोटोसोबत साठवलेली माहिती) इथे जाऊन नावं, ओळी आणि तारखा ‘फाईलमध्ये लिही’ या खुणा चालू आहेत ना ते बघा. नाहीतर पुढची सगळी मेहनत डिजीकॅमच्या डेटाबेसमध्येच अडकेल आणि दहा वर्षांनी तुमची मुलं हाच प्रश्न विचारतील. आणखी एक, डिजीकॅममधला अल्बम म्हणजे डिस्कवरचा खराखुरा फोल्डर. तिथून उडवलेला फोटो डिस्कवरच्या फोल्डरमधूनही जातो, म्हणून आधी प्रतीवर हात बसवा.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री प्रत काढली आणि आज एका फोल्डरवर करून पाहिलं. डिजीकॅममध्ये ‘फाईलमधून मेटाडेटा पुन्हा वाचा’ म्हटल्यावर आजीच्या चेहऱ्याभोवती चौकोन आला आणि खाली बाबांनी लिहिलेलं ‘आई’. मी ते तिचं पूर्ण नाव करणार होते, आता नाही करणार.

रविवारी आत्याकडे लॅपटॉप घेऊन जातेय. दोन शंका उरल्या. स्कॅनवर तारीख स्कॅन केल्याची आहे, आणि आत्या फार तर ‘६८ च्या आसपास’ सांगेल, मग काय भरू? आणि भावंडांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर नावं जातील का?

प्रतिसाद १

डिजीकॅमच्या ‘टाइम अ‍ॅडजस्ट’मध्ये १ जानेवारी १९६८ भरा आणि सोबत ‘अंदाजे’ असा टॅग लावा, म्हणजे खरी तारीख कळली की तेवढेच फोटो शोधून सुधारता येतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो आकसतो आणि आतली माहिती निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाईल जशीच्या तशी जाते. सगळे ३,८०० द्यायचे असतील तर पेनड्राइव्हच बरा. आणि रविवारी आत्या बोलत असताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. एका फोटोवरून ती पाच माणसांबद्दल सांगेल, तेवढं टाइप करायला हात पुरणार नाहीत.