'फाउंडेशन' कुठून सुरू करायची? असिमोव्हच्या यादीचं ऐकू नका

पानउलट्या
'फाउंडेशन' ही आयझॅक असिमोव्हची विज्ञानकथांची मालिका, आकाशगंगाभर पसरलेल्या साम्राज्याच्या पडझडीची. ती पहिल्यांदाच वाचणाऱ्याच्या हातात लोक एक यादी देतात. 'प्रिल्यूड टू फाउंडेशन'च्या (1988) सुरुवातीला खुद्द लेखकानेच ती दिली आहे. कथेतल्या काळानुसार लावलेली 14 पुस्तकं: आधी रोबॉटकथा, मग पोलीस इलायजा बेलीच्या कादंबऱ्या, मग साम्राज्याच्या तीन, नवव्या जागी 'प्रिल्यूड' आणि मूळ 'फाउंडेशन' थेट दहावं.

माझं म्हणणं, नवख्याने ही यादी गुंडाळून ठेवावी. आधी 1951, 52 आणि 53 ची 'फाउंडेशन'ची मूळ तीन पुस्तकं वाचावीत. मग बेलीच्या 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (1954) आणि 'द नेकेड सन' (1957). 1982 पासूनची पुढची पुस्तकं निघाली त्याच क्रमाने.

कारण 'फाउंडेशन'ची ही तीन पुस्तकं मुळात मासिकातल्या कथा आहेत, संपादक जॉन कॅम्बेलच्या 'अस्टाउंडिंग'साठी लिहिलेल्या. मे 1942 च्या पहिल्याच कथेत टर्मिनस ग्रहावरचा महापौर सॅल्व्हर हार्डिन म्हणतो की संकटावरचा तोडगा उघड आहे, आणि कथा तिथेच संपते. तोडगा काय, ते सांगितलेलंच नाही! कॅम्बेलला पुढची कथा घ्यावीच लागेल, असा तो डाव होता. तो लेखकावरच उलटला, कारण पुढची कथा जूनच्या अंकात हवी होती आणि असिमोव्ह मध्येच अडकून बसला. पुढचा रस्ता लेखकालाही दिसत नसल्याची ती धाकधूक पानांत उतरली आहे.

आता 'प्रिल्यूड' आधी वाचून बघा. मूळ कथेत साम्राज्याची पडझड गणिताने आधीच सांगणारा हॅरी सेल्डन म्हणजे काचेच्या कक्षात चाकाच्या खुर्चीवर उमटणारी एक प्रतिमा. येते, चार वाक्यं बोलते, विझते. 'प्रिल्यूड'मध्ये तोच बत्तीस वर्षांचा गणिती आहे, पळतो, मारामाऱ्या करतो. त्याला इतकं जवळून पाहिल्यावर त्या प्रतिमेचा दरारा काय राहणार?

तिरकस रेघ
छापल्याचा क्रम म्हणता, पण कुठल्या छापाचा? 'द बिग अँड द लिटल' ऑगस्ट 1944 ची आणि 'द वेज' ऑक्टोबरची. पुस्तकात मात्र 'द वेज' आधी आहे, 'द ट्रेडर्स' या नावाने, आणि ऑगस्टची कथा तिच्यानंतर 'द मर्चंट प्रिन्सेस' म्हणून. पहिला भाग 'द सायकोहिस्टोरियन्स' तर मासिकात आलाच नव्हता. तो 1951 च्या पुस्तकासाठी नव्याने लिहून पुढे जोडला. म्हणजे लेखकाने पहिल्याच पुस्तकात मासिकाचा क्रम मोडून काळाचा क्रम लावला. तेच तत्त्व पुढे चौदा पुस्तकांना लावलं तर बिघडलं कुठे?

दुसरं, नवखा वाचक अडतो तो पहिल्या शंभर पानांत. एका माणसात जीव गुंतला की भाग संपतो, पुढचा काही दशकांनी सुरू होतो आणि तो माणूस गेलेला असतो. लढाया पडद्यामागे, पडद्यावर नुसत्या बैठका. लक्षात राहील अशी बाई पहिल्या पुस्तकात एकच, कोरेलच्या शासकाची (कॉमडोरची) बायको, तीही नवऱ्याला टोमणे मारण्यापुरती. बेटा ही नायिका येते दुसऱ्या पुस्तकात, आर्केडी तिसऱ्यात.

'द केव्ह्ज ऑफ स्टील'ने सुरुवात केली तर एक खून, एक वैतागलेला पोलीस, त्याच्या गळ्यात बांधलेला एक यंत्रमानव, आणि शेवटी उत्तर. (त्यात गर्दीने गुदमरलेल्या पृथ्वीची लोकसंख्या आठ अब्ज आहे. आपण ती गाठलीसुद्धा.)

पानउलट्या
'द वेज'चा मुद्दा मान्य, तिथे सापडलो. बैठकांचा नाही. त्या बैठका म्हणजेच ही पुस्तकं. साम्राज्याचा दूत लॉर्ड डॉर्विन येतो तो भाग घ्या. तपकीर ओढत, र गिळत तो पाच दिवस टर्मिनसला आश्वासनं देतो. हार्डिन त्याचं सगळं बोलणं तर्कशास्त्राच्या विश्लेषणाला देतो. मोघम, निरर्थक आणि एकमेकांना खोडणारी विधानं गाळत गेल्यावर खाली उरतं शून्य. पाच दिवसांत माणूस काहीही बोललेला नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. हाच डॉर्विन पुरातत्त्वाचा शौकीन, पण उत्खननाला जाणार नाही. जुन्या पंडितांची मतं एकमेकांशी ताडून पाहणं हेच त्याचं संशोधन. साम्राज्य का कोसळतंय ते यात कळतं. इथे लढाई घालून काय साधलं असतं?

खगोलकट्टा
यादी काळानुसार आहे असं दोघेही धरून चालला आहात. तीच चुकलेली आहे. तिच्यात 'द करंट्स ऑफ स्पेस' सहावं आणि 'द स्टार्स, लाइक डस्ट' सातवं आहे. पण 'करंट्स'मध्ये ट्रँटॉरने (साम्राज्याची पुढची राजधानी) निम्मी आकाशगंगा गिळलेली आहे आणि 'स्टार्स'मध्ये ट्रँटॉरच्या सत्तेचा मागमूस नाही. काळानेच वाचायचं तर या दोन उलट करा.

दुसरा उसवलेला सांधा पृथ्वीच्या किरणोत्साराचा. 1950 च्या 'पेबल इन द स्काय'मध्ये तो अणुयुद्धाचा परिणाम वाटतो. 1985 च्या 'रोबॉट्स अँड एम्पायर'मध्ये कारण बदललं: थ्री माइल आयलंडवर बसवलेलं यंत्र पृथ्वीच्या कवचातला किरणोत्सार वाढवत नेतं. यादीने गेलात तर हा पाचवा क्रमांक आधी येतो आणि पुढच्या साम्राज्य-कादंबऱ्यांत पात्रं अणुयुद्धाबद्दल बोलतात तेव्हा बुचकळ्यात पडायला होतं.

तिरकस रेघ
हजारो वर्षांनी लोक खरं कारण विसरले, असं धरता येतं की. खुद्द पृथ्वी कुठे आहे हेच ते विसरतात!

खगोलकट्टा
धरता येतं, पण ते ठिगळ वाचकाने लावायचं का? मासिकातल्या कथा 1950 मध्ये संपल्यावर मालिका 32 वर्षं थांबली होती. प्रकाशक डबलडेने नेहमीच्या दहापट, 50,000 डॉलर आगाऊ दिले तेव्हा 'फाउंडेशन्स एज' (1982) आलं. रोबॉट आणि फाउंडेशन ही दोन स्वतंत्र विश्वं त्यानंतर शिवली गेली. 1940 च्या दशकातल्या फाउंडेशनमध्ये रोबॉट नाहीतच; ते का नाहीत, याचं उत्तर मागाहून तयार केलं.

(पुढे रहस्यभेद आहे. 'फाउंडेशन अँड अर्थ' वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

त्या कादंबरीच्या शेवटी, चंद्रावर, डॅनील भेटतो, म्हणजे बेलीचा तो यंत्रमानव जोडीदार. 'प्रिल्यूड'मधला सम्राटाचा मंत्री डेमर्झेल म्हणजे तोच. 'प्रिल्यूड' आधी वाचलंत तर चंद्रावरचा धक्का गेला. म्हणून 1986 चं 'फाउंडेशन अँड अर्थ' आधी, 1988 चं 'प्रिल्यूड' नंतर, एवढ्यापुरता पानउलट्यांशी सहमत. सुरुवात मात्र बेलीच्या दोन कादंबऱ्यांनी, कारण डॅनील आधी ओळखीचा नसेल तर तो चंद्रावर भेटला काय नि न भेटला काय.

पानउलट्या
मग माझ्या क्रमात तेवढाच बदल झाला ना? बेली आधी किंवा नंतर, 'प्रिल्यूड' कुठल्याही परिस्थितीत 'अर्थ'नंतर. जुनी पुस्तकं शोधणाऱ्यांनी एक बघावं: एस या प्रकाशनाने 1955 मध्ये काढलेलं 'द 1,000 इयर प्लॅन' हे वेगळं पुस्तक नाही, पहिलं 'फाउंडेशन'च आहे, काटछाट केलेलं. 'द मॅन हू अपसेट द युनिव्हर्स' म्हणजे नाव बदललेलं दुसरं. जमवायला ठीक, वाचायला पूर्ण आवृत्ती घ्या.

तिरकस रेघ
त्या दुसऱ्याच्या नावातच त्यातल्या खलनायकाचा, म्यूलचा, सुगावा लागतो. रहस्यभेदाची सूचना मुखपृष्ठावर नव्हती वाटतं.