विषय: बेळगावात बाबांची नवी गाडी, वरचं व्हेरिएंट घ्यावं का?

हिंदवाडीकर, लेस्टरहून

मंडळी, नमस्कार.

गणपतीची वर्गणी आणि दिवाळीचा हॉल सोडून या यादीवर दुसरं काही विचारलेलं चालतं का माहीत नाही. पण इथली निम्मी माणसं बेळगाव, खानापूर, निपाणीची, म्हणून धाडस करतोय.

बाबा बेळगावात नवी गाडी घेतायत. छोटी एसयूव्ही, पेट्रोल, हाताचा गिअर. एवढं ठरलंय, त्यावर चर्चा नको. बाबा सत्तरीचे आहेत, अजून स्वतःच चालवतात. रोज गावातल्या गावात, अधूनमधून निपाणीला मावशीकडे, आणि वर्षातनं चार-दोनदा चोर्ल्यातनं गोव्याला. त्यातली एक खेप हमखास भर पावसातली, कारण घाट हिरवा बघायचा असतो. डिसेंबरात आम्ही गेलो की मागच्या सीटवर आमची दोन पोरं: थोरलं चार वर्षांचं, धाकटं वर्षाच्या आतलं.

शोरूमनं कोटेशन पाठवलंय. मधलं व्हेरिएंट पावणेदहा लाखाच्या आसपास. त्याखाली 'बेसिक किट' म्हणून एक गलेलठ्ठ आकडा: मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर, क्रोमच्या पट्ट्या, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन आणि परफ्यूम. शिवाय 'सिक्युरिटी पॅक' वेगळा, म्हणजे अलार्म आणि जीपीएस. वरचं व्हेरिएंट घेतलं तर सनरूफ, मोठा स्क्रीन, चारी बाजूंचा कॅमेरा, आणि गाडी कुठं आहे ते मला इथं ॲपवर दिसणार. किंमत दहाच्या थोडी वर.

मला वरचं घ्यावंसं वाटतंय. इथं लेस्टरात आमच्या रस्त्यावरनं गेल्या हिवाळ्यात बिनचावीच्या, म्हणजे चावी जवळ असली की आपोआप उघडणाऱ्या, गाड्या रातोरात गेल्या, काच फुटली नाही की आवाज झाला नाही. बाबांचं म्हणणं: "आपल्या बोळातनं चोरून नेणार कोण? आणि नेली तरी बेळगावात लावणार कुठं?"

काय करावं?

निपाणीची ताई, बर्मिंगहॅमहून

हिंदवाडीकरा, चोर राहू दे बाजूला. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, सगळा उसाचा पट्टा आहे हा. हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्त्यावर एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. ऊस मागं हातभर बाहेर आलेला, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं माखलेला, टेल-लॅम्पचा पत्ता नाही. समोरून येणाऱ्याचे दिवे डोळ्यांवर, आणि त्या झगमगाटातच पुढं ट्रॉली उभी असते, पंक्चर होऊन, चाकाखाली दगड लावून. माझ्या माहेरच्या माणसांना विचार, सगळ्यात जास्त धास्ती कशाची ते.

म्हणून एकच विचार: हेडलाइट कसले आहेत? नुसतं 'एलईडी' म्हणतील, पण काही गाड्यांत एलईडी फक्त दिवसा लागणारी शोभेची रेघ असते आणि खरा दिवा साधाच. अंधारात गाडी बाहेर काढून बघायला सांग बाबांना. शोरूमच्या लखलखाटात काही कळत नाही.

आणि मागच्या काचेला वायपर आहे का? नसेल तर पावसाळ्यात मागचं काही दिसत नाही, सनरूफमधनं आभाळ तेवढं दिसतं.

अनगोळचे काका

तुझा मेल वाचला. मी सध्या बेळगावातच आहे, मुलाकडे तिकडे मार्चला येईन. माझी सगळी नोकरी मोटार विम्याच्या सर्व्हेत गेली, त्यामुळे लांबड लावणार आहे, चहा घेऊन बस.

गाडीत काही वस्तू कारखान्यातच बसतात, नंतर बसवू म्हटलं तर बसत नाहीत. एअरबॅग, ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा), आयसोफिक्सचे म्हणजे पोरांची सीट अडकवायचे हूक, मागच्या काचेवरचं धुकं घालवणारा डिफॉगर. बाकीच्या बेळगावच्या बाजारात कधीही मिळतात, आणि शोरूमपेक्षा स्वस्त. व्हेरिएंट पहिल्या वस्तूंकडे बघून ठरवायचं. दुसऱ्यांसाठी वरचं व्हेरिएंट घेणं म्हणजे कुंद्याच्या डब्यासाठी अख्खं दुकान विकत घेणं.

त्यातही ईएससीवर तडजोड करू नको. जांबोटी सोडल्यावर कणकुंबीपर्यंत जुलैचा पाऊस कसा असतो ते तुला माहीत आहे. रस्त्यावर लाल माती वाहून आलेली, पानांचा लगदा झालेला. अशा वळणावर मागचं चाक सरकलं, की ईएससी स्टिअरिंग कुठं वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठं चाललीय ते ताडून बघते आणि लागेल त्या एकाच चाकाला ब्रेक लावते. माणसाचा पाय चारी चाकांना एकदमच दाबतो, त्याला हे जमत नाही. एबीएस वेगळं, ते ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ देत नाही. ते २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं आहे, तसेच मागचे पार्किंग सेन्सरही. तेव्हा सेल्समन "साहेब, एबीएस आहे, सेन्सर आहेत" असं कौतुकानं सांगू लागला तर नुसती मान हलवायची.

एअरबॅग मोजून घे. पुढच्या दोन सक्तीच्या आहेत. सहाची सक्ती येणार येणार म्हणून दोन वर्षं गाजली, आली नाही. कंपन्या आता बऱ्याच गाड्यांत सहा देतात, पण सगळ्या व्हेरिएंटमध्ये देतातच असं नाही. आणि इथं तुझ्या 'बेसिक किट'मधली एक वस्तू थेट आड येते. बाजूची एअरबॅग पुष्कळ गाड्यांत पुढच्या सीटच्या कुशीत असते. सीटच्या बाहेरच्या कडेला छोटी पट्टी शिवलेली दिसेल, तिच्यावर 'एअरबॅग' लिहिलेलं असतं. त्यावर जाड रेक्झिनचं कव्हर चढवून घट्ट आवळलं की ती वेळेवर फुटणार कशी? कव्हर हवंच असेल तर ती कड मोकळी सोडणारं घे. बंपरला लोखंडी गार्ड तर अजिबात नको, केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरातच त्यावर बंदी घातली आहे. धडक बसली की तो गार्ड मार भलतीकडेच पोचवतो, सेन्सरला कळायला उशीर होतो. काळी फिल्मही नको, सुप्रीम कोर्टानं २०१२ लाच नाही म्हटलंय. गोव्याच्या हद्दीत शिरताना थांबवलं की बाबा कोर्टाचा निकाल वाचून दाखवणार आहेत का?

आता पैशाचं. कर्नाटकात पाच ते दहा लाखाच्या गाडीला आजन्म रोड टॅक्स १४ टक्के, दहाच्या वर गेलं की १७, आणि तो वरच्या रकमेवर नाही, सगळ्या किमतीवर. समज मधलं व्हेरिएंट ९ लाख ८० हजार. टॅक्स १ लाख ३७ हजार २००. वरचं १० लाख २० हजार. टॅक्स १ लाख ७३ हजार ४००. म्हणजे ४० हजाराच्या सनरूफसाठी ३६ हजार सरकारला, त्यावर उपकर निराळा. सेल्समन हे सांगणार नाही, तो 'ऑन रोड' आकडा एकदम सांगतो. बाजारातनं बसवलेल्या मॅटवर आणि कॅमेऱ्यावर मात्र रोड टॅक्स लागत नाही.

चोरीचं सांगतो. तुमच्या तिकडची चोरी अशी: एक जण घराच्या दाराशी उभा राहून आतल्या चावीचा सिग्नल पकडतो, दुसरा गाडीपाशी तो सोडतो, गाडीला वाटतं मालक आला. याला उपाय फुकटचा आहे. चावी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची. डबा हातात घेऊन गाडीपाशी जायचं, दार उघडलं नाही तर डबा पास. मधल्या व्हेरिएंटला साधी चावी असेल तर हाही प्रश्न मिटला, पण चावीत इमोबिलायझरची चिप आहे ना, म्हणजे दुसऱ्या चावीनं इंजिन चालू होत नाही ना, तेवढं विचार.

बाहेरचा अलार्म मात्र घेऊ नका. मी जळालेल्या गाड्या बघितल्यात. कुठली तरी तार मध्येच सोलून, दुसरी तिला पिळून, वर काळी चिकटपट्टी. हॉर्न, जादा वॅटचे बल्ब, अलार्म, सगळं त्या एका तारेवर. मग वॉरंटीवाला म्हणतो वायरिंग कापलंय, विमावाला म्हणतो कळवलं नव्हतं. काही बसवायचंच असलं तर कपलरनं, म्हणजे तार न कापता, जोडलं जाणारं, बिलासकट, आणि पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून लिहून. तार कापली की हात जोडायचे. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेनं मान्य केलेलं चोरीविरोधी साधन बसवलं तर विम्यात सवलत मिळते हे खरं, पण ती स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याच्या अडीच टक्के आणि जास्तीत जास्त ५०० रुपये. त्यासाठी सात-आठ हजाराचं 'पॅक'? खुळ्यागत काय करूलायस रे.

गिअरचं कुलूप घ्या. हाताच्या गिअरला उत्तम बसतं, लोखंडी असतं, बॅटरी खात नाही, आणि काचेतनं दिसतं म्हणून चोर पुढच्या गाडीकडं जातो. आणि दोन्ही चाव्या जपून ठेवा. गाडी गेलीच तर विमा कंपनी पहिल्यांदा दोन्ही चाव्या मागते. एक हरवलेली असली की क्लेमला फाटे फुटायला सुरुवात.

विमा शोरूममधूनच घ्यायला पाहिजे अशी सक्ती नाही, बाहेर भाव बघा. झीरो डेप घ्या, म्हणजे दुरुस्तीत बदललेल्या भागांचा घसारा कापत नाहीत. 'रिटर्न टू इनव्हॉइस' घ्या, म्हणजे पहिल्या वर्ष-दोन वर्षांत गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर घसारा न कापता बिलाची किंमत मिळते. खरी 'सिक्युरिटी' ती. आणि इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्यानं इंजिन गेलं तर त्याचं कव्हर. २०१९ च्या ऑगस्टात आपल्या जिल्ह्यात पुरानं काय झालं ते विसरलास काय? तेव्हा निम्म्या गाड्यांची इंजिनं पाण्यानं नव्हे, पाणी ओसरल्यावर "लागते का बघू" म्हणून चावी फिरवल्यानं गेली. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाबांना बजावून ठेव: पाण्यात बंद पडली की ढकलायची, चालू करायची नाही.

चंदगडकर, लंडनहून

काका, सगळं मान्य. पण एवढा टॅक्स भरायचाच कशाला? कोल्हापूरला घ्या. महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. शिनोळीत कुणाचा तरी पत्ता लावायचा, एमएच-०९ घेऊन यायचं. बेळगावात अशा गाड्या किती फिरतात.

अनगोळचे काका

फिरतात, आणि अडकतातही. गाडी जिथं राहते तिथं नोंदवायची असा कायदा आहे. परराज्याची गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली की नंबर बदलून घ्यायचा आणि इथला टॅक्स भरायचा. खोट्या पत्त्यावर नोंदवली तर अपघातानंतरच्या क्लेममध्ये तो पत्ता कोण समजावून सांगणार? आणि दर काही वर्षांनी सीमाप्रश्न तापतो. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीपाशी महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले ते तू लंडनमध्ये बातमीत बघितलंस, आम्ही इथं होतो. तिकडं केए नंबराला काळं फासलं, ते निराळं. सत्तरीच्या माणसाला रोजच्या वापराला केए-२२च बरी.

खानापूरची, कार्डिफहून

ॲपबद्दल कुणीच बोललं नाही. आम्ही घेतलं होतं. पहिले काही दिवस मी ऑफिसात बसून बघायची, पप्पा आता गोगट्यांच्या सर्कलला, आता काँग्रेस रोडला. एकदा गाडी दुपारभर एकाच जागी दिसली म्हणून फोन केला, तर ते म्हणाले, "मित्राकडं पत्ते खेळूलालोय, खेळू काय नको?" त्या दिवसापासून ॲप बंद. चोर्ल्यात मोबाइलला रेंज नसते तशी ॲपलाही नसते, म्हणजे जिथं खरी काळजी तिथं ते मुकंच. शिवाय फुकटची वर्षं संपली की पैसे भरायचे. घेतलंच तर खातं बाबांच्याच नंबरावर उघडा, ओटीपी तुझ्या इंग्लंडच्या फोनवर येऊन बसणार नाही.

पोरांच्या सीटचं मात्र बघ. इथली आर-१२९ या सुरक्षा नियमाची सीट आयसोफिक्सच्या हुकांना तिथंही बसते, फक्त गाडीत मागं वरचा पट्टा अडकवायची जागा आहे का ते पाहून घे. धाकट्याची सीट तोंड मागं करूनच, पंधरा महिने होईपर्यंत. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर ती कधीही नाही, आजी कितीही म्हणू दे "माझ्या मांडीवर दे की". पोराला पट्टा किंवा सीट नसली तर भारतातही १००० रुपये दंडाची तरतूद आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून.

हिंदवाडीकर, लेस्टरहून

सगळ्यांचे आभार. बाबांशी बोललो. मधलं व्हेरिएंट. त्यात सहा एअरबॅग आहेत, ईएससी आहे, मागचा वायपर आणि डिफॉगर दोन्ही आहेत. हेडलाइट साधे निघाले, ताई, तुझं खरं झालं. पण एलईडीसाठी दहाच्या वर जायला बाबा तयार नाहीत, आणि मावशीकडनं दिवसाउजेडीच परतायचं असं आईनं जाहीर केलंय. गिअरचं कुलूप आणि मॅट बाजारातनं. सिक्युरिटी पॅक आणि बेसिक किट काढायला सांगितल्यावर शोरूमवाले म्हणाले, किटशिवाय डिलिव्हरीची तारीख देता येत नाही. त्यावर काय करायचं काका? आणि डिलिव्हरीला तुम्ही बाबांबरोबर जाल का?

अनगोळचे काका

जातो की. किटची सक्ती आहे असं मेलवर लिहून द्या म्हणावं, तारीख आपोआप मिळते. कागदावर कुणी लिहून देत नाही. पैसे भरायच्या आधी चॅसिस नंबर मागून मला पाठव. गाडी कुठल्या महिन्यात बनली ते त्यावरनं कळतं, आणि गेल्या वर्षीची आवारात उभी असलेली गाडी बाबांच्या गळ्यात मारत असतील तर आधीच बघून ठेवू.