लॅपटॉपचा प्रोसेसर बदलण्यापूर्वी सॉकेट कसे तपासावे?

प्रश्न:
माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय३-२३१०एम प्रोसेसर असून चिपसेट (मदरबोर्डवरील सहायक चिप) एचएम६५ आहे. त्याजागी आय५-२५२०एम किंवा चार कोअरचा आय७-२६७०क्यूएम बसवावा, असा विचार आहे. तिन्ही सँडी ब्रिज पिढीचेच असल्यामुळे सॉकेटही (मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची खोबण) एकच असेल, असे मी गृहीत धरले आहे. ते बरोबर आहे का? वापरलेला प्रोसेसर विकत घेण्यापूर्वी नेमके काय पाहावे?

प्रतिसाद १:
पिढी एक म्हणजे सॉकेट एक, असे लॅपटॉपच्या बाबतीत धरून चालता येत नाही. आय३-२३१०एम दोन प्रकारांत येत असे: पिनांचा, जो जी२ सॉकेटमध्ये (आरपीजीए९८८बी) बसतो, आणि बीजीए१०२३, जो मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. तुमचा दुसऱ्या प्रकारचा निघाला, तर विषय तिथेच मिटतो. सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर) उघडून ‘पॅकेज’ची ओळ वाचा.

प्रतिसाद २:
त्या ओळीवर पूर्ण विसंबू नका, कारण ती कधीकधी चुकीची माहिती दाखवते. चार्जर आणि बॅटरी काढून हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) सोडवल्यावर प्रोसेसरभोवती प्लास्टिकची चौकट आणि तिच्या कडेला उघड्या-बंद कुलपाच्या खुणांमध्ये फिरणारा चपट्या खाचेचा स्क्रू दिसला, तरच सॉकेट आहे असे खात्रीने म्हणता येते. हीटसिंक परत बसवताना जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावावीच लागते. आधीच्या पिढीच्या जी१ सॉकेटचे प्रोसेसरही ९८८ पिनांच्याच घरातले आहेत, पण ते जी२मध्ये चालत नाहीत. म्हणून केवळ पिनांची संख्या पाहून खरेदी करू नये.

सॉकेट जुळले तरी उष्णतेचा प्रश्न उरतो आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. तुमचा आय३ आणि आय५-२५२०एम दोन्ही ३५ वॅटचे (म्हणजे ताणाखाली साधारण तेवढी उष्णता टाकणारे) आहेत, तर आय७-२६७०क्यूएम ४५ वॅटचा आहे. मी स्वतः ३५ वॅटसाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये ४५ वॅटचा प्रोसेसर बसवला होता; तो सुरू झाला, पण जरा ताण पडला की तापून वेग इतका खाली आणत असे की शेवटी तो काढावा लागला. बायॉस (लॅपटॉप सुरू करणारी मदरबोर्डवरील प्रणाली) नवा प्रोसेसर ओळखेल की नाही हे सांगणारी सर्वांत भरवशाची जागा म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील प्रोसेसरची यादी.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. हीटसिंक काढून पाहिले, कुलपाच्या खुणा आणि स्क्रू दोन्ही आहेत. मॅन्युअलच्या यादीत आय५-२५२०एम आहे, चार कोअरचा एकही नाही, तेव्हा आय५च घेतो. मात्र विक्रेत्याकडून पिनांच्या बाजूचे छायाचित्र मागवून मगच पैसे देईन.