मदत हवी आहे: नुकसान, विध्वंस यांसाठी इंग्रजीत कुठल्या शब्दाला कुठली जोड?

कोरी पाटी
हानी, नुकसान, विध्वंस यांसाठी इंग्रजीत ठरलेल्या जोड्या असतात, त्या हव्या आहेत. समोरच्या मजकुरात जिथे तिथे 'बिग डॅमेज' आणि 'कॉज'. डिक्शनरीत शब्दाचा अर्थ मिळतो, त्याच्या सोबत काय येतं ते मिळत नाही. उद्या सकाळी द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.

टाचणी
नुकसान कशाचं? माणसांचं, इमारतींचं की नावाचं? बातमी आहे की अहवाल?

कोरी पाटी
त्याने काय फरक पडतो? जोड्या त्याच ना?

टाचणी
पडतो. वस्तूला डॅमेज, माणसाला इंज्युरी, हार्म दोघांनाही चालतं. हार्म आणि डॅमेज यांना 'डू' किंवा 'कॉज' लावा, 'मेक' नको. हॅवॉकला, म्हणजे धुमाकुळाला, 'रीक'. सैन्याने शत्रूची हानी केली तर 'इन्फ्लिक्ट'. ज्याचं नुकसान झालं त्याच्या बाजूने लिहायचं तर 'सफर' किंवा 'सस्टेन'. भिंतींना तडे गेले असतील तर 'सस्टेन्ड स्ट्रक्चरल डॅमेज'. 'बिग'च्या जागी 'एक्स्टेन्सिव्ह' किंवा 'सिव्हिअर' घाला. आणि 'डॅमेजेस' असं अनेकवचन करू नका, ती कोर्टाने द्यायला लावलेली भरपाई.

जुना वाचक
याद्या पाठ करून भाषा येत नाही. रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचा, सहा महिन्यांत कान तयार होतो. माझा तसाच झाला.

टाचणी
त्यांना उद्या सकाळी द्यायचंय.

आडवाटसरू
'रीक'चा भूतकाळ 'रॉट', विसरू नका.

टाचणी
नाही, 'रीक्ड'. 'रॉट' हे 'वर्क'चं जुनं रूप. 'रॉट हॅवॉक' छापून येतं, पण तपासणारा अडवेल असं कशाला लिहायचं?

जुना वाचक
हॅवॉक ही मुळात लुटीची आरोळी. ती दिली की सैनिक लुटायला मोकळे. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डच्या 1385च्या लष्करी नियमांत त्यावर बंदी आहे.

आडवाटसरू
'कम्प्लीटली डिस्ट्रॉइड' पण चूक. डिस्ट्रॉय म्हणजेच पूर्ण नाश.

जुना वाचक
चूक कशी? 'पार्शली डिस्ट्रॉइड' लिहितातच की. चांगले लेखक दोन्ही वापरतात.

कोरी पाटी
वाद नंतर घाला हो. पुराचा अहवाल आहे, मसुदा सहकाऱ्याचा, मी तपासतोय. मराठीत '3 मृत, 11 जखमी, काही घरं जमीनदोस्त, बाकीच्यांची अंशतः पडझड'. इंग्रजीत 'थ्री कॅज्युअल्टीज, इलेव्हन वुंडेड, हाउसेस गटेड'.

टाचणी
हे आधी सांगायला हवं होतं. कॅज्युअल्टीजमध्ये मृत आणि जखमी दोन्ही धरतात. तुमच्या आकड्यांनी 14 होतात, आणि 3 वाचून कोणी मदतीचा हिशोब केला तर जखमी त्यातून सुटतील. सरळ 'थ्री डेथ्स' लिहा. वुंडेड हे हल्ल्यात, लढाईत; पुरात 'इंज्युर्ड', प्रकृती गंभीर असेल तर 'सीरियसली इंज्युर्ड'. गटेड म्हणजे आगीत आतून जळून गेलेलं, ते काढाच. पडलेली घरं 'डिस्ट्रॉइड', अंशतः पडझड 'पार्शली डॅमेज्ड'. तिथे 'सिव्हिअरली' घालून वजन वाढवू नका, अंशतःचा अर्थ बदलतो.

आडवाटसरू
'डेसिमेट'ही जपून. रोमन सैन्यात दहातला एक मारायची शिक्षा होती, सगळं गाव गेलं तर तो शब्द चालणार नाही.

जुना वाचक
आज तो 'मोठ्या संख्येने नष्ट करणं' याच अर्थाने चालतो. शिवाय विचारलंय कोणी?

कोरी पाटी
घरांची वाक्यं बदलली. 'जनावरं वाहून गेली' याला काय? इथेही कॅज्युअल्टीजच लिहिलंय.

टाचणी
'कॅटल वेअर स्वेप्ट अवे'. शेळ्यामेंढ्याही असतील तर 'लाइव्हस्टॉक'. त्यांचा आकडा माणसांच्या आकड्यात मिळवलाय का, तेवढं आता बघा.