बैठक आणि जेवणाची जागा लागून असल्यास दोन गालिच्यांचा मेळ कसा घालावा?

उंबरठा :
नमस्कार. आमच्या बैठकीच्या आणि जेवणाच्या जागेत भिंत नाही. सोफ्यावर बसले की जेवणाचे टेबल थेट समोर दिसते. बैठकीत हाताने गाठी मारून विणलेला लोकरी गालिचा आहे. त्याची जमीन (नक्षीमागची पार्श्वभूमी) गडद तांबडी असून मध्यभागी मोठे पदक, म्हणजे एकच ठळक नक्षी आहे, भोवती निळी किनार आहे आणि किनारीच्या वेलबुट्टीत थोडा मातकट हिरवा रंग आहे. आता टेबलाखालीही गालिचा घालायचा आहे, पण त्याच नक्षीचा शोधावा की निराळा घ्यावा, यावर घरात एकमत होत नाही. दोन्ही एकसारखे असले तर घराला घरपण राहणार नाही असे मला वाटते, आणि अगदी निराळे घेतले तर ते एकमेकांशी भांडत राहतील अशीही धास्ती वाटते. टेबल १८० सें.मी. लांब व ९० सें.मी. रुंद असून सहा खुर्च्या आहेत. दोन्ही गालिच्यांच्या मधून स्वयंपाकघराकडे जाण्याची वाट आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ताणाबाणा :
रंगाचा विचार करण्याआधी मापाचा करावा, कारण टेबलाखालचा गालिचा लहान पडला तर त्याचा रंग कितीही साधला असला तरी त्याचा रोज त्रास होतो. बसणारा माणूस खुर्ची मागे ओढतो, तेव्हा तिचे मागचे पाय गालिच्यावरून खाली उतरतात. पुन्हा पुढे सरकताना ते काठाला अडतात, काठ दुमडतो आणि कालांतराने तिथलीच वीण सुटू लागते. म्हणून टेबलाच्या प्रत्येक बाजूला निदान ६० सें.मी. गालिचा बाहेर हवा. आपल्या टेबलासाठी हे माप ३०० × २१० सें.मी. येते. सर्रास मिळणारा ८ × १० फुटांचा, म्हणजे साधारण २४४ × ३०५ सें.मी. मापाचा गालिचा घेतल्यास टेबलाच्या लांब बाजूंना सुमारे ७७ सें.मी. मोकळे मिळतात, आणि चार खुर्च्या तिथेच असल्याने ते उपयोगाचे आहे.

नक्षीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : जोडी घेऊ नये. पदकाचा गालिचा मोकळ्या जमिनीवर शोभतो. टेबलाखाली त्याचे पदकच झाकले जाते आणि टेबल थोडे जरी सरकले तरी ते मध्यावर नसल्याचे डोळ्यांना खुपत राहते. आपला तांबडा गालिचा बोलका आहे, त्यामुळे दुसऱ्याने संयम पाळलेला बरा. त्याच्या किनारीतला निळा किंवा मातकट हिरवा, म्हणजे पहिल्यात थोडाच असलेला रंग, दुसऱ्याची जमीन म्हणून घ्यावा. तांबड्याशी तांबडा जुळवू नये. थोडासा फरक राहिला, तरी तो फरक मुद्दाम केलेला नसून चुकून राहिला असे वाटते.

रेशीमधागा :
वरील बहुतेक मुद्दे मला पटतात. फक्त ‘संयम’ म्हणजे एकरंगी, असा अर्थ कोणी घेऊ नये. जेवणाच्या टेबलाखाली एकरंगी गालिच्यावर प्रत्येक डाग उठून दिसतो. त्याऐवजी सर्वभर बारीक, विरळ नक्षी किंवा मंद पट्टे असलेला घ्यावा. दोन नक्षींचे आकारमान मात्र सारखे नसावे : बैठकीत मोठे पदक असेल, तर इथे बुट्टी लहान असावी.

रंगाविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. निळ्यातही हिरवटपणाकडे झुकणारा निळा आणि जांभळटपणाकडे झुकणारा निळा हे शेजारी ठेवले की एकमेकांना मळकट दाखवतात. शिवाय निरनिराळ्या रंगद्रव्यांचे दोन कापड दिवसाच्या उजेडात हुबेहूब दिसतात आणि दिव्याखाली वेगळे पडतात, म्हणून नमुना घरी आणून सकाळी व रात्री, दोन्ही वेळा जुन्या गालिच्याशेजारी पाहावा.

नमुना पाहताना जुन्या गालिच्यावरून हातही फिरवून पाहा. एका दिशेने तो गुळगुळीत लागेल, उलट दिशेने लव, म्हणजे पृष्ठभागावरचे धाग्यांचे केस, उभी राहील. लवेच्या टोकांकडून पाहिले की रंग गडद दिसतो आणि विरुद्ध टोकाला उभे राहिल्यास तोच गालिचा फिका, चकाकता दिसतो. सोफ्यावरून तो कसा दिसतो, हे ठरवून मगच दुसऱ्याची छटा निवडावी. दुकानात उलट टोकाकडून पाहून केलेली निवड घरी आल्यावर फसते.

ताणाबाणा :
एकरंगीबाबतची दुरुस्ती मान्य आहे. त्याला जोड म्हणून सांगतो : टेबलाखाली लव नसलेला, सपाट विणीचा लोकरी गालिचा घ्यावा. त्यात खरकटे अडकत नाही, खुर्ची सहज सरकते, आणि एक लवेचा व एक सपाट असा पोताचा फरक पडल्याने रंग जवळचे असले तरी दोन्हींची ओळख वेगळी राहते. व्हिस्कोसचा (रेशमासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा) मात्र टाळावा, कारण पाणी सांडले तरी त्यावर डाग राहतो. सपाट गालिचा हलका असल्याने खाली न घसरणारे अस्तर लागते. ते चारही बाजूंनी दोन-तीन सें.मी. आत ठेवावे, म्हणजे काठ जमिनीला टेकून राहतो.

उंबरठा :
दोघांचेही मनापासून आभार. सुचवलेल्या मापाच्या कागदी चिकटपट्ट्या जमिनीवर लावून पाहिल्या. खुर्च्या नीट सरकतात, पण दोन्ही गालिच्यांच्या मध्ये जेमतेम ५० सें.मी. वाट उरते. टेबलाखालचा लहान घ्यावा का?

रेशीमधागा :
लहान घेऊ नये. त्यापेक्षा टेबलाखालची जमीन मोकळी ठेवणे परवडले. भांडी घेऊन जाणाऱ्या माणसाला ५० सें.मी. वाट अपुरी आहे. त्याचा एक पाय सतत कुठल्यातरी काठावर पडेल. सोफ्याचे फक्त पुढचे पाय बैठकीच्या गालिच्यावर असतील, तर तो गालिचा आणखी ३० सें.मी. सोफ्याखाली सारता येईल आणि वाट ८० सें.मी. होईल. पदक मागे सरकेल, तेव्हा बैठकीतले छोटे टेबलही तेवढेच मागे घ्यावे. मग दोन्ही गालिच्यांचे समोरासमोरचे काठ एकमेकांना समांतर आहेत ना, ते मोजपट्टीने तपासावे. मधली वाट अरुंद असल्याने थोडासा तिरपेपणाही लगेच नजरेत येतो.