पॉनशॉपमधली जुनी बंदूक: कितीला घेतलीत, काय फसलं?

टेक्ससमधल्या मंडळींनो, हरणांचा हंगाम संपला की पॉनशॉपच्या, म्हणजे वस्तू गहाण घेणाऱ्या आणि विकणाऱ्या दुकानाच्या, भिंतीवर बंदुकांची गर्दी होते. आपापले अनुभव लिहा. सुरुवात मी करतो.

रेमिंग्टन ८७० एक्स्प्रेस शॉटगन, किमतीची चिठ्ठी २९५ डॉलरची. आत काडतूस नाही हे दोनदा बघितलं, मग नळीत मोबाइलचा उजेड टाकला. आतून आरसा! बाहेर मात्र मॅगझिनच्या (काडतुसं भरायच्या) नळीवर तांबूस ठिपके. या मॉडेलचा खरखरीत मुलामा गंज लवकर धरतो. ठिपक्यांवरून नख फिरवलं, बोललो काहीच नाही. मालक आपणहून २७० वर आला. मी म्हटलं, "टॅक्स धरून २६५, रोख." मिळाली. सव्वाआठ टक्के टॅक्स लावून चिठ्ठीची किंमत ३१९ झाली असती.

*

रोख ठीकच, पण मी आधी विचारतो, "ही कधीपासून लटकतेय?" गेल्या आठवड्यात आली असेल तर तो हलत नाही. चार महिने झाले असतील तर त्याचे पैसे अडकलेत, तो स्वतःच भाव कमी करतो.

*

माझी फजिती. एचवन-बी या नोकरीच्या व्हिसावर होतो. अर्धा तास घासाघीस करून भाव पाडला आणि मग ४४७३ चा फॉर्म, म्हणजे बंदूक घेताना भरायचा सरकारी अर्ज, समोर आला. नागरिकत्व आणि व्हिसाचा रकाना! या व्हिसावर शिकारीच्या परवान्यासारखी सवलत असल्याशिवाय बंदूक घेता येत नाही, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं. मालक हसला नाही, हे त्याचे उपकार.

*

मी दुर्बीण बघून भाळलो. मार्लिन ३३६ रायफल, लाकूड सुरेख, वर दुर्बीण फुकट म्हणून ५२५ मोजले. घरी नळी पुसली तर फडक्याला काळपट-तांबडी घाण, आत खड्डेच खड्डे. 'परत घेणार नाही' ही पाटी काउंटरवरच होती. दुर्बीणही धुरकट निघाली.

*

बंदूक घेताना होणारी आमच्या ह्यांची पार्श्वभूमीची तपासणी 'डिले'वर गेली, म्हणजे लगेच मंजुरी आली नाही. दुकानदाराने पैसे घेतले, बंदूक ठेवून घेतली, चौथ्या दिवशी फोन केला. तेवढ्या दिवसांत मी कुलपाची तिजोरी मागवली, घरात दोन पोरं आहेत. बंदूक २४०, तिजोरी ३८०. तिजोरीवर एक डॉलर सुटला नाही.