मदत हवी आहे: गावातल्या दुकानाचा टाइम कसा ठरवावा?

किराणा_घाटंजी
कोणाले अनुभव असल तर सांगा, अन् जलदी सांगा, घरात रोज यावरूनच वाद होऊन राहिले. सकाळी उघडायले उशीर झाला का लोकं शटर वाजवतात, दुपारी बंद केलं का फाट्यावरच्या नव्या दुकानात जातात अन् एकदा गिऱ्हाईक तिकडे गेलं का त्याचं उधारीचं खातंही तिकडेच सुरू होते. रात्री दहापर्यंत बसावंच लागते. टाइम काय ठेवू?

वर्धा_कास्तकार
गाव किती मोठं आहे भाऊ? एसटी येते का? बाजार कोणत्या दिवशी?

पुसदची_ताई
आणि दुकानात बसतं कोण? घर दुकानाला लागूनच आहे का? हे सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार.

किराणा_घाटंजी
घर मागंच आहे, गावात असंच असते ना. मी अन् बायको. मी माल आणायले तालुक्याले गेलो का ती एकटीच. मुक्कामी गाडी आहे, सकाळी सहाले निघते. बाजार मंगळवारचा.

अकोला_हार्डवेअर
सरळ सांगतो. सकाळी ८ ते १, दुपारी ४ ते ८.३०. बोर्ड रंगवून लावा आणि मोडू नका. लोकांना सवय लागते. आमच्या दुकानात आता कोणी नऊनंतर फोनही करत नाही.

वर्धा_कास्तकार
साहेब तुमचं शहरातलं हार्डवेअर आहे, खिळे कोणाले रात्री लागत नाहीत. खेड्यात आठ वाजता बाया निंदणाले निघून गेलेल्या असतात. चहापत्ती, साखर, पोरांचे बिस्किट पुडे, हे सगळं सहा ते आठमध्ये खपते. अन् रब्बीत पंपाची थ्री फेजची लाईन रात्रपाळीची असली का माणूस हरभरा ओलायले रात्री जाते, त्याले टॉर्चचे सेल अन् तंबाखू तवाच पाहिजे. आठले उघडलं म्हणजे गिऱ्हाईक गेल्यावर उघडलं.

अकोला_हार्डवेअर
मग काय चोवीस तास बसायचं का? माणूस आजारी पडला तर दुकान बंदच राहणार ना.

करसल्ला_अमरावती
कायद्याची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून सांगतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. १९४८ चा जुना कायदा त्याने गेला. कामगार थोडेच असतील (२०१७ च्या मूळ कायद्यात दहापेक्षा कमी) तर नोंदणी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं ठेवता येतं, पण कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावीच लागते.

किराणा_घाटंजी
सर माझ्याकडे कामगारच नाही, कायद्याची अडचण नाही मले.

पुसदची_ताई
कामगाराची सुट्टी कायद्यात आहे, घरच्या बाईची कुठे आहे? दादा, तुमची बायको पहाटे उठून सडा-सारवण, स्वयंपाक करून गल्ल्यावर बसत असेल. दुपारी जेवायला बसली की "काकू, एक शाम्पूची पुडी", ताट तसंच ठेवून उठायचं, परत येईपर्यंत भाजीवर साय धरलेली. मी हे सगळं केलंय. आमचं जनरल होतं. तिला विचारलंत का तिला कोणती वेळ नकोय?

चंद्रपूर_४७
दुपारी बंद करा म्हणणाऱ्यांनी मे महिना पाहिला नाही वाटते. आमच्याकडे पारा ४६ च्या वर जाते, अन् तवाच पाण्याची बाटली, ताक, कोल्ड्रिंक विकते. डीप फ्रीजर घ्या भाऊ, दुपारच पैसा देईल.

वर्धा_कास्तकार
४६ मध्ये रस्त्यावर येते कोण? बारा ते चार गावात कुत्रंही सावली सोडत नाही. शिवाय लाईन गेली का फ्रीजरमधला माल कोण भरून देईल?

चंद्रपूर_४७
लग्नाची वऱ्हाडं येतात ना, एकाच गाडीत चाळीस माणूस.

मोर्शीवाला
विषय निघाला म्हणून विचारतो, तुमच्याकडे यंदा निंदणाची मजुरी काय होती? आमच्याकडे तर बायाच भेटत नव्हत्या.

वर्धा_कास्तकार
त्याचा वेगळा धागा काढा भाऊ. घाटंजीवाले, एक काम करा. फोनवरचं पेमेंट ॲप उघडा, त्यात प्रत्येक पैशाची वेळ असते. एका महिन्याचं पाहा, कोणत्या तासाले किती आले ते. नगदीचं वहीत उभ्या रेघा मारून लिहा. मग बोर्ड लावायचा का नाही ते ठरवा.

किराणा_घाटंजी
पाहिलं आताच. दुपारी एक ते चारमध्ये सगळे दहा-वीस रुपयेवाले आहेत, मोठा किराणा एकही नाही. तो सगळा सकाळी नाही तर बाया वावरातून आल्यावर संध्याकाळी. पण रात्रीचं काय? मागच्या हप्त्यात साडेदहाले एक पोरगा एक रुपयाच्या नाण्यानं शटर वाजवत होता, लहान भावाले जुलाब लागले म्हणून ओआरएस पाहिजे होतं. त्याले नाही कसं म्हणाव?

पुसदची_ताई
त्याला द्यायचंच. पण त्याच्यासाठी दुकान उघडं ठेवावं लागत नाही, घर मागेच आहे. आम्ही नऊला शटर पाडायचो आणि मागच्या दाराने फक्त औषध, दूध, मीठ-माचिस. खर्रा (तंबाखू-सुपारी) आणि कोल्ड्रिंकला नाही. सुरुवातीला दोघं-तिघं रुसले, उधारीवालेच होते, पण नंतर आले परत. नियम दोघांचा एकच पाहिजे मात्र. तुम्ही नाही म्हणायचं आणि बायकोने द्यायचं, की उलट, असं झालं की संपलं.

अकोला_हार्डवेअर
मी तेच म्हणत होतो, बोर्ड लावा.

वर्धा_कास्तकार
तुम्ही आठ म्हणत होते.

किराणा_घाटंजी
बायकोशी बोललो. तिले दुपारच नको आहे, रात्रीचं ती म्हणते चालते. मले वाटत होतं रात्रीचंच जड जाते तिले. तर ५.४५ ते १, मंग ४ ते ९, मंगळवारी बाजार म्हणून दुपारीही उघडं. मागच्या दारानं ताईंनी सांगितलं तेवढंच. सकाळचं मी उघडतो. बोर्ड पेंटरकडे देतो, तवर खडूनं शटरवर लिहितो.

चंद्रपूर_४७
मंगळवारसाठी तरी फ्रीजर पाहा. जुना मिळते.